काचेच्या वेटोळ्यात मायक्रोवेव्ह : प्रस्तावना

दादरा नगर हवेलीत काचेची तार किलोमीटरच्या हिशेबात बोलली जाते. छत्रपती संभाजीनगरला काच तापवून केसासारखी तार ओढायची आणि आमच्याकडे राखोलीला तिच्या केबली घडवायच्या, हा स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचा शिरस्ता आता जुना झाला. गलोंड्यातल्या एखाद्या पोराला फायबर हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या आधी घरातल्या कुणाच्या तरी पाळीवरून कळला असेल, तर त्यात नवल नाही. फायबरचं काम काय, असं त्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं : निरोप इथून तिथे न्यायचा, होईल तितका दूर आणि होईल तितका झटपट. या पुस्तिकेतलं फायबर मात्र कुठेच जात नाही. चार-पाच किलोमीटर तार एका डब्यात गुंडाळून ठेवलेली असते, तिची दोन्ही टोकं एकाच टेबलावर असतात आणि तिच्याकडून एकच अपेक्षा असते : संकेताला उशीर कर.

हा उशीर कशासाठी हवा आणि तो मिळवला की कोणती नवी अडचण पुढ्यात येते, एवढ्या दोनच गोष्टींभोवती हा सगळा विषय फिरतो. प्रकाशाच्या मदतीने मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या यंत्रांवर गेल्या तीस वर्षांत शेकडो निबंध लिहिले गेले आहेत. पण सुरुवात करणाऱ्याने मनात एवढंच धरावं, की लहर स्वच्छ हवी असेल तर उशीर वाढवावा लागतो आणि ती चपळाईने बदलती हवी असेल तर उशीर कमी करावा लागतो. या दोन मागण्यांचं भांडण मिटवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा म्हणजे पुढची प्रकरणं.

आधी स्वच्छ लहरीची गरज पाहू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. कुलाब्याचं रडार त्यानंतर आलं आणि वेरावलीचं २०२२ मध्ये. डॉप्लर रडार ढग किती दूर आहे एवढंच सांगत नाही, तर ढगातलं पाणी आपल्याकडे येतंय की दूर जातंय आणि किती वेगाने, हेही सांगतं. दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडणाऱ्या रडारकडे सेकंदाला वीस मीटर वेगाने थेंब येत असतील, तर परत आलेल्या लहरीची वारंवारता ४०० हर्ट्झने वाढलेली असते. मूळ वारंवारता तीन अब्जांच्या घरातली. म्हणजे सुमारे पाऊण कोटीत एक एवढा फरक ओळखायचा, आणि तोही स्वतःच सोडलेल्या लहरीशी ताडून. मोजपट्टीच थरथरत असेल तर फरक कशाशी ताडणार?

दहा गिगाहर्ट्झचं रडार घेतलं तर गोष्ट आणखी नाजूक होते. रडारच्या दिशेने चालत येणारा माणूस सेकंदाला दीड मीटर जातो असं धरलं, तर त्याच्यामुळे पडणारा फरक १०० हर्ट्झ. पण त्याच्या मागे डोंगर उभा असतो आणि डोंगराचा प्रतिध्वनी माणसाच्या प्रतिध्वनीपेक्षा लाखो पटींनी मोठा येऊ शकतो. डोंगर हलत नाही, त्यामुळे सिद्धांतानुसार त्याचा संकेत बरोबर मूळ वारंवारतेवरच यायला हवा आणि सहज वगळता यायला हवा. प्रत्यक्षात ही लहर निर्माण करणारा ऑसिलेटर बारीकसा डळमळत असतो. त्या डळमळीमुळे मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना ऊर्जेचा एक उतार पसरतो. यालाच फेज नॉइज म्हणतात. डोंगराच्या प्रतिध्वनीबरोबर हा उतारही परत येतो आणि माणूस त्याखाली गाडला जातो. रडारची शक्ती वाढवून काही साधत नाही, कारण मग डोंगरही तितकाच मोठा होतो. इलाज फक्त ऑसिलेटर शांत करण्याचा.

शांत ऑसिलेटर म्हटलं की पहिलं नाव क्वार्ट्झचं. मनगटी घड्याळापासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत त्याचंच राज्य आहे आणि दहा मेगाहर्ट्झला त्याला आव्हान देणं सोपं नाही. पण आपल्याला हवेत दहा गिगाहर्ट्झ. हजाराने गुणायचं, तर फेज नॉइजची शक्ती हजाराच्या वर्गाने, म्हणजे दहा लाख पटींनी वाढते. इंजिनियरांच्या भाषेत साठ डेसिबल. हा गणिताचा नियम आहे. कारागिरीने तो चुकवता येत नाही. थेट दहा गिगाहर्ट्झवर कंपन पावणारा नीलमण्याचा स्फटिक वापरला तर उत्तम शुद्धता मिळते, पण तो एकाच सुरावर बसलेला असतो, त्याला दुसरीकडे हलवायचं म्हणजे मारामार.

डेव्हिड लीसन यांनी १९६६ मध्ये फेज नॉइजचं जे साधं सूत्र मांडलं ते आजही पहिल्या तासाला शिकवतात. त्याचा मथितार्थ असा की ऑसिलेटरची शांतता त्याच्यातल्या साठवणीवर अवलंबून असते. ऊर्जा जितका जास्त वेळ आत टिकून राहते, तितका बाहेरच्या धक्क्यांचा परिणाम कमी. मग प्रश्न उरतो तो मायक्रोवेव्ह साठवून ठेवण्याचा. तांब्याच्या केबलीत ते जमत नाही. दहा गिगाहर्ट्झला बहुतेक केबलींमध्ये शंभर मीटरांत संकेताचा हजारावा भागही उरत नाही.

इथे काच कामाला येते. दूरसंचारात वापरतात त्या १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला काचेच्या तारेत किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबल घट लागते. चार किलोमीटर गेल्यावरही शंभरातले त्र्याऐंशी भाग शिल्लक असतात. तारेत प्रकाशाला किलोमीटरमागे ४.९ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे चार किलोमीटरना जवळपास वीस. त्या वीस मायक्रोसेकंदांत दहा गिगाहर्ट्झच्या दोन लाख लहरी एकामागे एक तारेत नांदत असतात. आणि वजन? नुसत्या प्लास्टिकच्या लेपासकट ही तार पाव मिलिमीटर जाड. चार किलोमीटर तार पाव किलोच्या थोडी वर भरते. दोन लाख लहरींची साठवण एका हाताच्या तळव्यावर मावते.

आता या साठवणीचा ऑसिलेटर कसा करायचा? गणपतीच्या मांडवात माइक लाउडस्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, असं चक्र बंद होतं आणि ज्या सुराला हे चक्र सोयीचं असतं तो सूर आपोआप माजतो. आपलं यंत्र हेच करतं, फक्त प्रत्येक पायरीवर शिस्त लावून. लेसरचा संथ प्रकाश मॉड्युलेटरमध्ये शिरतो. तिथे मायक्रोवेव्ह त्या प्रकाशाची तीव्रता सेकंदाला दहा अब्ज वेळा कमी-जास्त करते. तो प्रकाश तारेच्या वेटोळ्यातून फिरून फोटोडायोडवर पडतो आणि फोटोडायोड प्रकाशाची ती थरथर पुन्हा विजेत उतरवतो. ॲम्प्लिफायर तिला फुगवतो, फिल्टर नको ते बाजूला काढतो आणि उरलेली मायक्रोवेव्ह पुन्हा मॉड्युलेटरला मिळते. चक्र पूर्ण होतं. सुरुवातीला आत फक्त गोंगाट असतो. फेऱ्यांमागून फेऱ्या होताना त्यातून एक सूर वर येतो.

कल्पनेची बीजं जुनी आहेत. जर्मनीत नायर आणि फोगेस यांनी १९८२ मध्ये अशा जातीचं चक्र दाखवलं होतं. पण दीर्घ फायबरमध्ये दडलेली शुद्धता ओळखून तिचा सिद्धांत आणि प्रयोग दोन्ही नेटाने मांडले ते कॅलिफोर्नियातल्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, स्टीव्ह याओ आणि ल्यूट मालेकी यांनी, १९९० च्या दशकाच्या मध्यावर. त्यांच्या १९९६ च्या निबंधांपासून या यंत्राला ऑप्टोइलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर हे नाव रूढ झालं. त्यातला सर्वांत गोड निष्कर्ष असा की याचा फेज नॉइज वारंवारतेवर अवलंबून नाही. एक गिगाहर्ट्झ काढा की चाळीस काढा, गुणाकाराचा दंड भरावा लागत नाही. उशीर दुप्पट केला की फेज नॉइज चौथाईवर येतो. मालेकींनी पुढे ओईवेव्ह्ज नावाची कंपनी काढली. त्यांच्या गटाने २००८ मध्ये सोळा किलोमीटर तार वापरून दहा गिगाहर्ट्झची अशी लहर दाखवली, की सहा किलोहर्ट्झ बाजूला एका हर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट मूळ संकेताच्या १६३ डेसिबल खाली होता. साध्या आकड्यात सांगायचं तर दोन कोटी अब्जांतला एक भाग.

मग तार आणखी लांब का करत नाहीत? करता येते, पण काच गप्प बसत नाही. ठरावीक शक्तीच्या वर प्रकाश ढकलला की ब्रिल्वाँ विकिरणामुळे तो उलटा परतू लागतो, आणि तार जितकी लांब तितकी ही मर्यादा लवकर येते, काही मिलिवॉटमध्येच. ही झाली एक अडचण. दुसरी जास्त चिवट आहे. बंद चक्रात एकच सूर बसत नाही. ज्यांच्या पूर्ण लहरी चक्रात बरोबर मावतात असे सगळेच सूर बसतात. एका किलोमीटरच्या तारेला हे सूर सुमारे २०० किलोहर्ट्झच्या अंतरावर येतात, चार किलोमीटरला पन्नासच्या. दहा गिगाहर्ट्झला दहा मेगाहर्ट्झ रुंदीचा फिल्टरसुद्धा चांगला अरुंद समजला जातो, आणि त्यात असे दोनशे सूर एकदम उभे राहतात. यंत्राने यातला एक निवडायचा आणि त्यालाच धरून राहायचं.

यावरचा याओ-मालेकींचा तोडगा मला फार आवडतो. एका तारेऐवजी दोन वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावायच्या. दोन्ही चक्रांना एकदम जुळेल तोच सूर टिकतो. बाकीचे एका चक्राला पटले तरी दुसऱ्याला पटत नाहीत. ज्याने वर्कशॉपमध्ये व्हर्नियर कॅलिपर हातात घेतलाय त्याला हे सांगायची गरज नाही : दोन पट्ट्यांच्या रेघा जिथे एकमेकींवर येतात तेच माप.

तिसरी अडचण आमच्याकडच्या उन्हाळ्याची. काचेच्या एका किलोमीटर तारेतला उशीर दर अंशामागे पस्तीस-चाळीस पिकोसेकंदांनी बदलतो. चार किलोमीटरना दीडशेच्या आसपास. दहा गिगाहर्ट्झची एक लहर असते शंभर पिकोसेकंदांची. म्हणजे खोलीचं तापमान एका अंशाने चढलं की सूर आपल्या जागेवरून इतका सरकतो, की शेजारचा सूर फिल्टरच्या मध्याशी येऊन त्याची जागा घेऊ शकतो. म्हणून चांगल्या यंत्रात वेटोळं तापमान-नियंत्रित डब्यात असतं. आवाजाचंही तेच. उघड्या वेटोळ्याजवळ बोललं तरी काच दबते-सुटते आणि ते बोलणं मायक्रोवेव्हच्या फेजवर उमटतं. टेबलावरच्या पंख्याचा घरघराट स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या पडद्यावर मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना काट्यांसारखा उभा दिसतो.

प्रकाशावर बसलेली रेडिओलहर रोजच्या कामात पाहायची असेल तर जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जावं. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण तिथे आहे : पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा मधल्या भागात, बाकीच्या तीन भुजांवर, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात. या सगळ्या तबकड्यांनी एक होऊन पाहायचं तर त्यांच्या ऑसिलेटरांची फेज जुळलेली हवी. म्हणून संदर्भाचा संकेत मध्यवर्ती इमारतीतून जमिनीखालच्या फायबरवरून प्रत्येक तबकडीला जातो आणि आकाशातून आलेला संकेत फायबरवरूनच परततो. तिथल्या वारंवारता दीड गिगाहर्ट्झच्या आतल्या आहेत आणि लहर निर्माण करायला प्रकाश वापरलेला नाही, हे खरं. पण रेडिओलहर लेसरवर चढवायची, किलोमीटरगणिक काचेतून न्यायची, फोटोडायोडवर उतरवायची आणि या सगळ्यात फेज सांभाळायची, ही विद्या मराठी मुलखात नव्वदच्या दशकापासून मुरली आहे. मायक्रोवेव्हची दुसरी पेठ पवईला : आयआयटीच्या आवारातली समीर ही संस्था, जिचं मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका छोट्या मायक्रोवेव्ह विभागात आहे. या विषयात शिरणाऱ्या विद्यार्थ्याला फार लांब जावं लागत नाही.

आता चपळाईकडे. एकाच सुरावर बसलेला ऑसिलेटर कितीही शुद्ध असला तरी आजच्या रडारला पुरत नाही. त्याला वारंवारता सरसर चढवत न्यायची असते, कारण एक गिगाहर्ट्झचा पल्ला झरझर पार केला की पंधरा सेंटिमीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात. संपर्कयंत्रणेला गर्दीतून रिकाम्या वारंवारतेवर उडी मारायची असते. चक्रातला फिल्टर हलवला की सूर हलतो, इथपर्यंत सोपं. जुन्या पद्धतीत यिग नावाच्या चुंबकीय स्फटिकाचा फिल्टर असे. चुंबकाच्या वेटोळ्यातला विद्युतप्रवाह बदलायचा की फिल्टर सरकतो. पण चुंबक आळशी. मिलिसेकंद घेतो.

प्रकाशाने इथेही वाट काढली. तीव्रतेऐवजी प्रकाशाची फेज बदलणारा मॉड्युलेटर घेतला, तर मुख्य रंगाच्या दोन्ही बाजूंना दोन जोडरंग तयार होतात. त्यांच्यापासून फोटोडायोडवर जे निघतं ते एकमेकांना पुरतं पुसून टाकतं. पण यातला एक जोडरंग एखाद्या अरुंद प्रकाशीय खाचेत पडला तर पुसणं थांबतं आणि नेमकी तेवढीच वारंवारता जिवंत राहते. ती वारंवारता म्हणजे लेसरचा रंग आणि ती खाच यांच्यातलं अंतर. मग फिल्टर हलवायचा म्हणजे लेसरचा रंग किंचित बदलायचा. १५५० नॅनोमीटरला दहा गिगाहर्ट्झसाठी ०.०८ नॅनोमीटर पुरतात. अर्धवाहक लेसरचा रंग नुसता विद्युतप्रवाह बदलून मायक्रोसेकंदाच्या आत तेवढा सरकवता येतो. मला विचाराल तर या विषयातली सर्वांत देखणी युक्ती हीच : जे काम मायक्रोवेव्हच्या दुनियेत अवजड होतं, ते प्रकाशाच्या दुनियेत नखाएवढं होऊन बसतं.

आणि तरीही ऑसिलेटर चपळ होत नाही. फिल्टर क्षणात नव्या जागी गेला, पण वेटोळ्यात अजून जुन्या सुराच्या दोन लाख लहरी फिरत आहेत. त्या फिल्टरपाशी येऊन अडकतील आणि नवा सूर गोंगाटातून पुन्हा पहिल्यापासून घडेल. त्याला डझनावारी, कधी शेकडो फेऱ्या लागतात. वीस मायक्रोसेकंदांची एक फेरी धरली तर सहज मिलिसेकंद उलटतात. तार तोकडी केली तर हा वेळ घटतो, पण शुद्धता जाते. सुरुवातीला म्हटलेलं भांडण ते हेच, आणि बरीच वर्षं लोकांनी ते निसर्गाचा हुकूम म्हणून मान्य केलं होतं.

तोडगा आला तो डोळ्यांच्या तपासणीकडून. ओसीटी नावाच्या पद्धतीने डोळ्याच्या पडद्याच्या थरांचं चित्र काढायला वेगाने रंग बदलणारा लेसर हवा असतो आणि तिथेही हीच अडचण होती. एमआयटीतल्या फुजिमोटो यांच्या गटात हुबर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की फिल्टर पुढे-मागे फिरवण्याचा काळ हा प्रकाशाच्या एका फेरीच्या काळाइतकाच ठेवला तर काहीच नव्याने घडवावं लागत नाही. आत्ता गेलेला लाल फेरी मारून परत येतो, तेव्हा फिल्टरही फिरून बरोबर लालवर आलेला असतो. निळ्याचंही तसंच. सगळे रंग एकाच वेळी तारेत आपापल्या जागी साठलेले असतात. बीजिंगच्या इन्स्टिट्यूट ऑफ सेमिकंडक्टर्समधल्या मिंग ली यांच्या गटाने २०१८ मध्ये हीच कल्पना मायक्रोवेव्हच्या चक्राला लावली. साडेचार किलोमीटर तार असेल तर दर बावीस मायक्रोसेकंदांनी फिल्टरची एक फेरी पुरी व्हायला हवी. एवढं जुळलं की बाहेर पडते ती अनेक गिगाहर्ट्झचा पल्ला सरसर चढणारी लहर, तीही लांब तारेची शुद्धता न सोडता.

पण यातली मेख विसरू नये. ही चपळाई ठरलेल्या वाटेवरची आहे. तीच चढण, तोच काळ, पुन्हा पुन्हा. पुढची उडी कुठे मारायची हे ऐनवेळी ठरवणाऱ्याला या यंत्राचा उपयोग नाही. मनमानी उड्या आणि सोळा किलोमीटरवाली शांतता एकत्र देणारा ऑसिलेटर अजून टेबलावर आलेला नाही. पुस्तिकेत काही ठिकाणी उत्साहाच्या भरात वेगळं वाटेल असं लिहिलं गेलं असेल, तर ते या वाक्याशी ताडून वाचावं.

तारेशिवायच्या वाटाही आहेत, त्यांचा इथे ओझरता उल्लेख पुरे. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीलगत कुजबुजलेलं पलीकडच्या बाजूला ऐकू येतं. ध्वनी वळणदार भिंतीला धरून कसा फिरतो याचा सिद्धांत रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटावरून मांडला. काही मिलिमीटरच्या स्फटिकाच्या चकतीत प्रकाशही तसाच कडेकडेने लाखो फेऱ्या मारतो, आणि मग किलोमीटरभर तार लागत नाही. प्रकाशीय कंगव्याची वाट आणखी वेगळी. त्या तंत्रासाठी हॉल आणि हेन्श यांना २००५ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. प्रकाशाची वारंवारता शेकडो टेराहर्ट्झची. तिला भागून खाली गिगाहर्ट्झवर आणलं की भागाकाराने गोंगाटही घटतो, क्वार्ट्झच्या नेमकं उलट. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०११ मध्ये हे करून दाखवलं आणि २०२४ मध्ये त्याची चिपच्या आकाराकडे झुकणारी रूपं प्रसिद्ध झाली. शुद्धतेच्या शर्यतीत तारेचं वेटोळं आता एकटं पुढे राहिलेलं नाही. शिकण्यासाठी मात्र त्याच्याइतकं मोकळेपणाने आतलं सगळं दाखवणारं यंत्र दुसरं मला माहीत नाही.

वाचनाबद्दल दोन शब्द. लीसनच्या सूत्राचं प्रकरण लॉगॅरिदमने भरलेलं आहे. डेसिबलची सवय नसेल तर आधी दोन तारांचं प्रकरण वाचून मग तिकडे वळावं. ज्यांना हाताने करून पाहायचं आहे त्यांनी दहा गिगाहर्ट्झच्या मागे लागू नये. एक किलोमीटर तार, दूरसंचारातला साधा लेसर आणि एक गिगाहर्ट्झचा ॲम्प्लिफायर व फिल्टर घ्यावा. त्या पट्ट्यातलं सामान स्वस्त मिळतं आणि कनेक्टरची थोडी ढिलाई चालून जाते. जोडण्याआधी प्रत्येक कनेक्टर पुसावा, प्रत्येक वेळी. तारेचा प्रकाश वाहणारा गाभा नऊ मायक्रॉनचा असतो आणि सिल्वासाच्या हवेतला एक धुळीचा कण त्याहून मोठा निघू शकतो. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून उघडं टोक डोळ्यासमोर धरून काही दिसतंय का हे बघू नये. त्यासाठी पॉवर मीटर असतो. पहिल्यांदा चक्र बंद कराल तेव्हा पडद्यावर एक रेषा न येता २०० किलोहर्ट्झच्या अंतराने उभ्या रेषांची रांग येईल. ॲम्प्लिफायर बदलायला धावू नका. शेजारच्या दोन रेषांमधलं अंतर मोजा, त्यावरून तारेची लांबी काढा आणि ती रिळावर छापलेल्या लांबीशी ताडून पाहा.